दादाची ओळ

"तिसरा सेन्सरही खराब निघाला," विनायकराव म्हणाले आणि त्यांनी तो काउंटरवर ठेवला.

अमरावतीत माझं छोटं दुकान आहे. सिंगल बोर्ड कॉम्प्युटर, म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा अख्खा कॉम्प्युटर, आणि त्याला जोडायचे सेन्सर, स्विच, पंखे मी विकते. गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजचं. विनायकराव अपवाद. बँकेतून रिटायर झाल्यावर ते प्रोग्रामिंग शिकले. शेंदूरजनाघाटला धाकट्या भावाच्या संत्राबागेत त्यांनी ठिबकचं यंत्र स्वतः बसवलं. सेन्सर मातीतली ओल मोजतो. माती सुकली की बोर्ड व्हॉल्व्ह उघडतो, ओल आली की बंद करतो.

आता मोबाइलवर व्हॉल्व्ह उघडा दिसत होता आणि माती कोरडीच.

मी सेन्सर पेल्यातल्या पाण्यात बुडवला. आकडा लगेच चढला.

"हा चांगला आहे."

"मग पाणी काहून दाखवत नाही?"

"असलं तर दाखवेल."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीने बागेत गेलो. बोर्ड नातीच्या टिफिनच्या डब्यात बसवला होता, झाकणावर मांजराचं चित्र. मी टेस्टचं बटण दाबलं. व्हॉल्व्ह टक वाजला. थेंब नाही. पाइप धरून मी मागे गेले. टाकीजवळचा हाताचा कॉक बंद होता, वर सुतळीने बांधलेला. विनायकरावांचे भाऊ गजाननराव मागेच उभे होते.

"गजा, हा कोनं बंद केला?"

"म्या. झाडं तानावर हायेत."

संत्र्याला हिवाळ्यात काही आठवडे पाणी तोडतात. हा ताण. झाड थांबतं, आणि नंतर पाणी दिलं की फुलांनी भरतं. मध्येच पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटते. आंबिया बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांचं, सगळं पीक या कोरड्या आठवड्यांवर असतं. यंत्राला मात्र एवढंच शिकवलं होतं की कोरडी माती तहानलेली असते.

"मंग मले सांगतलं काहून नाही? तीन सेन्सर बदलले म्या."

"तू रोज फोनवर इचारे, मशीन चालू हाये का. चालू होती. मी हो म्हनलो."

"आन बसवतानी?"

"येवढ्या हौसेनं आला होता तू. नाही कसा म्हनू, दादा?"

गजाननरावांनी पहिली ओळ दाखवली. यंत्र एकेका ओळीला पाणी सोडायचं; कॉक बंद करायच्या आधी, ताण सुरू असतानाच, तिला रात्रभर पाणी मिळालं होतं.

मी पिशवीतून साधा स्विच काढून डब्याला जोडला. स्विच ताणाकडे असला की व्हॉल्व्ह उघडणार नाही. बोर्ड फक्त ओल मोजेल आणि दोघांना मेसेज पाठवेल. विनायकरावांनी बांधावर बसूनच प्रोग्राम बदलला. पाणी कधी सोडायचं ते गजाननराव पानं बघून ठरवणार होते.

जानेवारीअखेर त्यांनी होकाराची मान हलवली आणि स्विच विनायकरावांनी फिरवला. नंतर माझ्या मोबाइलवर बागेचा फोटो आला. सगळी बाग फुलांनी पांढरी, पहिली ओळ हिरवीगार. खाली गजाननरावांनी लिहिलं होतं: "दादाची ओळ."

तिन्ही सेन्सर चांगले होते. आता कोणी यंत्र चालत नाही म्हणून आलं, की तपासण्याआधी मी विचारते, ज्याच्यासाठी बसवलं त्याला ते हवं होतं का.