दगडाला पाणी पाजणारे उत्तम मिस्त्री

उत्तम मिस्त्री कुणाच्याही घरी कामाला आले की चपला फाटकापाशी काढायचे, पाय धुवायचे, खांद्यावरच्या पंच्यानं कोरडे पुसायचे आणि मग डोळे मिटून घरभर अनवाणी चालायचे. बोलायचे नाहीत. भिंतीपर्यंत जाऊन परत फिरायचे, मध्येच थांबून एका जागी टाच घोळवायचे. घरचे लोक दारात उभे राहून एकमेकांकडे बघत राहायचे. चारही खोल्या चालून झाल्या की डोळे उघडून सांगायचे, "हितं सांधा वर आलाय. तितं कुनीतरी फिनेल लय ओतलंय." दोन्ही खरं निघायचं. "डोळ्याचं काय हाय बाई, त्याला चमक दिसली की तो खूश," ते मला म्हणाले होते. "तळपायाला खोटं चालत न्हाई."

त्यांची-माझी गाठ पडली ती माझ्या शहाणपणामुळे. आम्ही मानवतला नवं घर बांधलं, आत सगळीकडे हिरवट कोटा फरशी. बोअरचं पाणी क्षाराचं, त्यामुळे वर्षभरात मोरीपुढच्या फरशीवर पांढरे थर चढले. मी मास्तरीण, म्हणजे जगातलं सगळं आपल्याला कळतं असं समजणाऱ्यांपैकी. दुकानातून संडास धुवायचं ऍसिड आणलं आणि दिलं ओतून. फरशी फसफसली. मला वाटलं, मळ निघतोय. वाळल्यावर बघते तर हातभर जागा खरखरीत, विटलेली, आणि काही केल्या डाग जाईना.

तेव्हा मी वालूरच्या शाळेत होते, मानवतहून रोज जाऊन-येऊन. चौथीच्या वर्गात हा किस्सा मीच हसत हसत सांगितला. पुढच्या बाकावरची सुजाता उभी राहिली. "बाई, माझे पप्पा फरशी घासतात." रविवारी पप्पा दारात हजर. पन्नाशीच्या आतले, उंच, हडकुळे, शर्टाच्या बाह्या बोटं झाकतील इतक्या लांब. त्या डागापाशी गुडघे टेकून बसले आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात फरशीवर ठेवला.

"भाजली की हो," म्हणाले.

"काय भाजलं?"

"फरशी. हा चुन्याच्या जातीचा दगड हाय बाई. ह्याला आंबट सोसत न्हाई. लिंबू सांडलं तरी डाग पडतो, तुमी तर ऍसिड पाजलं." मग माझ्याकडं बघून थोडं ओशाळले. "शिकलेल्या मान्साला सांगायचं म्हंजे अवघडच हाय."

माझे यजमान आतल्या खोलीत तोंड दाबून हसत होते, ते मला ऐकू येत होतं.

त्या वेळी त्यांनी दोन पिंपं पाणी मागितलं. मोठं मशीन लावलं, त्याखाली ओंजळी-ओंजळीनं पाणी सोडत राहिले. पांढरा राडा घरभर पसरला, तो सुपलीनं भरून बाहेर टाकला, परत पाणी. एवढं पाणी कशाला, असं मी विचारलंच. तेव्हा ते म्हणाले, "दगडाला आधी पानी पाजावं बाई. तहानंला ठिवला, तर तो मान्साला पितो." मला हे वाक्य इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी ते शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं. शुद्ध करून, अर्थातच. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. अर्थ कुणी विचारला नाही आणि मलाही विचारावासा वाटला नाही.

मग ते आमच्या घरचेच झाले. वर्षातून एकदा वाकडी वाट करून यायचे, घरभर अनवाणी फिरायचे आणि माझी परीक्षा घ्यायचे. ओला बोळा नीट पिळता का, पुसायचं पाणी दर खोलीला बदलता का, उंबऱ्यापाशी पायपुसणं आहे का. "चप्पल फरशी खात न्हाई, चपलंखालचा खडा खातो." एकदा स्वयंपाकघरात गोडेतेलाची बरणी फुटली आणि तेल दगडात मुरलं, तर त्यांनी माझ्याकडं शाळेतले खडूचे तुकडे मागितले. ते कुटले, पाण्यात लगदा करून डागावर थापले आणि वर फडकं दाबून ठेवलं. तिसऱ्या दिवशी खडूनं तेल ओढून घेतलेलं होतं. "तुमचा खडू पोरांच्या डोक्यातलं काडतो का न्हाई ठावं न्हाई, दगडातलं काडतो," असं म्हणून मिशीत हसले. ते हसले की खोकायचे. तेव्हाही खोकायचे, हे मला आता आठवतं.

स्वतःबद्दल ते फार बोलायचे नाहीत. एकदाच एक गोष्ट सांगितली, तीही फरशीचीच म्हणून. परभणीत एका बंगल्यात त्यांनी देवघराचा पांढरा संगमरवर घासला होता, चार दिवस, आरसा केला होता. काम संपल्यावर घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांचं आडनाव विचारलं आणि त्यांच्या देखत त्या फरशीवर गोमूत्र शिंपडलं. ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"सांगितलं न त्यास्नी. गोमूत्र नका टाकू, संगमरवर पिवळा पडतो. न्हाई ऐकलं." हातातल्या चहाचा घोट घेतला. "पडला आसंल आता पिवळा."

फरशीची हळहळ होती ती. निदान मला तरी तेव्हा तसंच वाटलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती सांगते. माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला, घरातच करायचा होता. एप्रिल महिना. त्या वर्षी पाण्याचे फार हाल होते. बोअर आटला होता, टँकरची वाट बघत घागरी रांगेत लावून ठेवायच्या. पाहुणे पुण्याचे. दहा वर्षांत फरशी निस्तेज झाली होती आणि ती मला एकाएकी लाजिरवाणी वाटायला लागली. मिस्त्रींना बोलावलं. ते आले, अनवाणी फिरले आणि म्हणाले, "पाऊस पडल्यावर करू बाई. आता पानी कुटून आनता?"

"साखरपुडा रविवारी आहे मिस्त्री. कोरडं घासता येत नाही का?"

"येतं. हातातल्या ग्राइंडरवर येतं. पर कोरडं मी करत न्हाई."

आणि मी, शिकलेली बाई, काय म्हणाले? म्हणाले, "सुजाताच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी मी किती रविवार घालवले, ते मी कधी बोलून दाखवलं का?" बोलून दाखवलंच की. मिस्त्री खाली बघत उभे राहिले. सुजाता तेव्हा नर्सिंगला लागली होती आणि त्यांना त्या पोरीचा कोण अभिमान. "न्हाई बाई," ते म्हणाले. "करू मंग."

तीन दिवस काम चाललं. तोंडाला पंचा बांधून ते उकिडवे बसायचे आणि ग्राइंडर चालू झाला की खोलीत समोरचा माणूस दिसायचा नाही इतकी धूळ. त्यांनी खिडक्या सताड उघडल्या होत्या. अंगणात खिडकीखालीच पुढं लग्नात मांडायच्या रुखवताचे पापड वाळत घातलेले, त्यांच्यावर पांढरी पूड बसायला लागली. मी बाहेरूनच ओरडले, "मिस्त्री, दारं-खिडक्या लावून घ्या, माझे पापड गेले सगळे." ग्राइंडर थांबला. एकेक खिडकी आतून लागली. मग परत आवाज सुरू झाला, पण आता दबलेला. मला बरं वाटलं. पापड झटकले आणि दुसऱ्या कामाला लागले.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला पापडांपेक्षा जास्त छळते. रुखवतात कुरडयाही हव्या होत्या, म्हणून मी गहू भिजत घातले होते. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो आणि त्याचं पाणी रोज बदलावं लागतं. म्हणजे फरशीला द्यायला घरात पाणी नव्हतं आणि गव्हाला होतं. दुसऱ्या दिवशी ते पाणी ओतून देताना मला माझंच वाईट वाटलं. पातेलं तसंच उचलून मी खोलीच्या दारात गेले. मिस्त्री पापण्यांपासून पायापर्यंत पांढरे झालेले, भिंतीला टेकून बसले होते.

"हे घ्या, एवढं चालतंय का बघा. फेकायचंच आहे."

त्यांनी पंचा खाली केला, पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "आंबलंय बाई," म्हणाले. "ह्यानं फरशीचा रंग उडंल. ऱ्हाऊ द्या." पंचा परत वर बांधला. मी ते पाणी कढीपत्त्याच्या झाडाला घातलं.

साखरपुड्याला पाहुणे म्हणाले, "फरशी काय चकाकते हो." मी अभिमानानं सांगितलं, "आमचे मिस्त्री आहेत एक वालूरचे."

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. दोनदा निरोप धाडला, तर प्रकृती बरी नाही म्हणून कळलं. आधी क्षयाचे उपचार झाले, गुण आला नाही. पुढे परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं, दगडाची धूळ आहे, फुप्फुसात बसली आहे, निघायची नाही. हे मला सुजाताच्या फोनवरून समजलं. मागच्या पौषात मी वालूरला गेले ती माफी मागायची म्हणून. एसटीत सगळं मनाशी घोकलं होतं. वर्गात धडा शिकवायच्या आधी घोकते तसं.

मिस्त्री बाजेवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांना आडवं होता येत नव्हतं, रात्रंदिवस बसूनच. खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आलेली. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. खाली जमिनीवर शहाबादी, कोटा, काळा ग्रॅनाइट, असल्या कुणाकुणाच्या उरलेल्या तुकड्यांची फरशी होती आणि ती इतकी स्वच्छ की पाय ठेवायला संकोच वाटला. मला बघून त्यांनी हात जोडले. त्यांची बायको चहा ठेवायला आत गेली, सुजाता नळी नीट करत उभी होती.

मी म्हणाले, "मिस्त्री, त्या वेळी मी तुम्हाला..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. एकेका शब्दामागं दम घेत विचारलं, "बाई. फरशीचा. रंग उडाला का?"

"नाही हो. तशीच आहे. अगदी तशीच."

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ श्वास गोळा केला. "मंग बरं झालं. ते पानी. घेतलं न्हाई."

 मी चहा प्यायले. त्यांच्या घरात बसून बशीतून फुंकून फुंकून चहा प्यायले आणि उठले.

सुजाता मला स्टँडपर्यंत सोडायला आली. आता परभणीला एका दवाखान्यात नर्स आहे ती. चालता चालता म्हणाली, "बाई, डॉक्टर विचारायलेत, बंद खोलीत कोरडं घासायचं काम केलं का म्हणून. पप्पा म्हणतात, कदीच न्हाई. आमाला तर लहानपणापासून सांगायचे, पान्याबिगर हात लावायचा न्हाई, खिडकी बंद करायची न्हाई. मंग हे आलं कुटून?"

एका घरातल्या तीन दिवसांनी असं होत नसतं, वर्षानुवर्षांची धूळ असते ती, हे मी एका डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. तेवढंच धरून बसायचं मी ठरवलं होतं. बाप तर माझ्यासाठी खोटं बोललाच होता. मी गप्प राहिले असते तर ते कधी कुणाला कळलंही नसतं.

"आमच्याकडे केलं," मी म्हणाले. "त्यांनी नको म्हटलं होतं. खिडक्या मी लावायला लावल्या. पापडांवर धूळ बसत होती म्हणून."

सुजाता चालायची थांबली नाही. स्टँड आला तेव्हा ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी तर ते दगडाच्या तहानंचं फळ्यावर लिहिलं होतं, बाई. माझ्या वहीत आजून हाय."

एसटी लागलेली होती. तिनं माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि घराकडं वळली.

त्यानंतर बारा दिवसांनी मिस्त्री गेले. मला त्या घरून निरोप आला नाही, वालूरच्या शाळेच्या शिपायाकडून कळलं. येऊ नये हेच बरोबर होतं. आमच्या घरी आता कुरडया होत नाहीत. का, ते यजमान विचारत नाहीत. फरशी मी त्यांनी शिकवली तशीच पुसते, बोळा पिळून, दर खोलीला पाणी बदलून. आणि पुसून वाळली की डोळे मिटून घरभर अनवाणी चालते. कुठे एखादा सांधा वर राहिला असेल, एखादा कोपरा घाईत सुटला असेल, धुळीत दिसला नसेल, असं वाटतं. काहीतरी लागावं म्हणून मी टाच घोळवून बघते. अजून कुठेच काही लागलेलं नाही.