छागलभर पाणी आणि लाल बैल

चैत्रातल्या भर दुपारी, गावापासून लांब एका घळीत, आमच्याजवळचं पिण्याचं सगळं पाणी मी कातळावर ओतून टाकलं. ओतताना मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं.

बरोबर सासरे होते. त्यांचं नवी पेठेत लुगड्यांचं दुकान. तरुणपणी ते पाठीवर गठ्ठा मारून दुधनीच्या पलीकडं, निजामाच्या मुलखात, खेडोपाडी कापड विकत हिंडायचे. एकदा गारा लागल्या म्हणून ते या घळीत शिरले आणि कपारीत त्यांना लाल रंगानं काढलेले बैल दिसले. कुणी काढले, कधी काढले, गावातल्या जख्ख म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. आता सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पुढच्या महिन्यात डोळे कापायचं ठरलं होतं, पण कापून नजर येते तशी कधी जातेही, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्याआधी ते बैल एकदा बघायचे, एवढाच त्यांचा हट्ट. सासूबाईंनी मला बरोबर धाडलं, कारण घरात सर्वांत रिकामा मीच होतो.

आगगाडीतून उतरून आम्ही पायी निघालो. पाण्याची छागल माझ्या खांद्यावर, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडंही माझ्याकडंच. वाटेत मी दोनदा वाट चुकवली. सासऱ्यांनी दोन्ही वेळा उन्हाला दोष दिला. ते मला जावईबापू म्हणत, आणि त्यांच्या पायावर माझा पाय पडला तरी माफी तेच मागत.

कपारीशी पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. कातळावर पुसट तांबूस डाग सोडून काही दिसेना. सासरे नाक टेकवून बघत होते. "इथंच होते हो," म्हणाले.

तेव्हा मला दुकान आठवलं. लुगडं घ्यायला आलेली बाई बोट ओलं करून काठाला लावते; ओला झाला की रंग कसा उठून येतो! मी छागलीचं बूच काढलं आणि पिंडीवर धरावी तशी कातळावर धार धरली. खरोखरच एक लालभडक वशिंड वर आलं. मी सासऱ्यांना हाका मारल्या. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, जवळ आले. तोवर कातळ सुकला. मी पुन्हा धार धरली. पुन्हा चष्मा. छागल रिकामी झाली तेव्हा ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "काहीतरी लालसर दिसलं बघा."

त्या उन्हात पाण्याशिवाय परत चालणं शक्य नव्हतं. आम्ही कपारीच्या सावलीत बसून राहिलो. मी हुशारीनं भाकरीचा तुकडा चटणीला लावून तोंडात टाकला, तो तिथंच अडकला. सासऱ्यांनी गाठोड्याला हात लावला नाही.

उन्हं कलली तेव्हा शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. सासरे तिच्याशी कानडीत बोलले. छागल रिकामी कशी, हे तिनं विचारलं असावं, कारण दोघंही वळून माझ्याकडं बघू लागले. मग तिनं काखेतला पाण्याचा भोपळा सासऱ्यांच्या हातात दिला.

ते प्यायले आणि तोंड पुसता पुसता थांबले. मावळतीचं ऊन तिरपं होऊन कपारीच्या पोटात शिरलं होतं. कातळ सगळा उजळला आणि त्यावर बैल होते, एकामागं एक, वशिंडं उंच, शिंगं मागं वळलेली. सासरे उठले. एकेका बैलापाशी जाऊन हवेतच बोटानं त्याची पाठ गिरवत राहिले. "ह्याचं एक शिंग मोडकं होतं," म्हणाले, "बघा, हाय की." घरी शुद्ध बोलणारे सासरे तिथं पार हिंडणाऱ्या दिवसांतले झाले होते.

मला राहवेना. मी म्हटलं, पाणी संपलं म्हणून थांबलो, थांबलो म्हणून दिसलं. म्हणजे हे माझ्यामुळंच झालं म्हणायचं.

सासऱ्यांनी भोपळा माझ्या हातापासून लांब, म्हातारीकडं परत दिला.

"जावईबापू," ते बैलांवरची नजर न काढता म्हणाले, "गिऱ्हाईक लुगड्याचा काठ भिजवून बघतं. अख्खा गठ्ठा नदीत बुडवणारं येडं मी आजच बघितलं."