माशी एक की दोन

अनंताच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी क्लबात छऱ्याच्या बंदुकीची माशी बसवत होतो. माशी म्हणजे नळीच्या टोकाचा तो उभा खिळा, ज्याच्यावरून नेम धरतात. वाटलं, परत ते डोळ्यांच्या डॉक्टरचं तुणतुणं. बोलूच दिलं नाही. "नाही जाणार, काय करायचं ते कर," म्हणालो. पलीकडे त्याची सून होती. "काका, बाबा गेले..."

महिना होत आला. मी चौथी शिकलेला, लिहायची सवय नाही. पण हा माणूस मला न सांगता जे करून गेला त्याचा राग जात नाही, म्हणून लिहितो.

आम्ही दोघं मालवणकडचे. गिरणी बंद झाल्यावर एकाच बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहिलो, आणि रिटायर झाल्यावर चारकोपच्या गाळ्यातल्या ह्या नेमबाजीच्या क्लबात बंदुका बघायला लागलो. तेलपाणी त्याचं, नेम बसवणं माझं. त्यात कोणी बोलायचं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी मला माशीच्या डोक्यावर दुसरी फिकट माशी दिसायला लागली. मी बंदुकीला शिव्या घातल्या. अनंता म्हणाला, "बाबल्या, माशी एक दिसता की दोन?"

"एकच."

"बरा. आता मान वाकडी कर. वरची बाजूक सरकली मा?"

"सरकली," मी बोलून बसलो.

"मग मेल्या, वाकडो तुझो डोळो. बंदूक कित्याक फिरात? सिलिंडरचो नंबर काढून घे."

सिलिंडर म्हणे, चष्म्याचा तिरका नंबर. तीस वर्षं ह्याच डोळ्याने बँक राखली मी. मग त्याने कॅलेंडरच्या पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून आणलं, ह्यातून बघ म्हणाला. मी म्हटलं, भोकातून बघायला मी काय चोर आहे? त्यानंतर रोज तेच... फोनवर, चहाला, बसस्टॉपवर. डोकं उठवलं.

गेल्या आठवड्यात क्लबात शिकणारी स्नेहल आली. चार दिवसांवर तिची स्पर्धा. "काका, माझी बंदूक वर मारतेय. सगळ्यांच्याच."

"आधी नव्हती मारत?"

तिने बंदूक टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही घरी गेलात की अनंतकाका परत बसवायचे ना. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

दोन वर्षं. रोज. आणि वर मलाच विचारायचा, "काय उस्ताद, झाला बसवून?"

त्याचा तेलाचा डबा उघडला. तळाशी तो पुठ्ठा, चिंधीत नीट गुंडाळलेला. पोरगी समोर उभी होती, नाहीतर बघितलं नसतं. डोळ्याला लावला. माशी एकच, काळी, कडक. स्नेहलची बंदूक त्या भोकातून बघून बसवली. तिने पाच छरे मारले, पाचही मधोमध. 

सवयीने फोन काढला, त्याचा नंबर लावणार... मग आठवलं, आता सून उचलते.

पुठ्ठा माझ्या वरच्या खिशात असतो. सोमवारी डॉक्टरकडे जातोय. आता जा म्हणणारा कोणी नाही, म्हणून.