पाळण्याच्या शेपटीवरची

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणाऱ्या त्या टोळीत तिला सगळे टाकी म्हणायचे. एक तर ती कायम गच्चीवर, आणि दुसरं म्हणजे तिचा घेर. नाव ठेवणाऱ्याला वाटलं, आपण फार हुशार. तिने पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, "टाकी आटली ना, की तोंड धुवायलाही मिळणार नाही तुला." सगळे हसले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

काम असं होतं. गच्चीच्या कठड्यावरून दोन लोखंडी तुळया बाहेर काढायच्या. त्यांच्या पुढच्या टोकांना दोरांवर पाळणा लटकतो. पाळणा म्हणजे लांबट पिंजरा, त्यात दोघं उभे राहून काचा पुसत पुसत खाली जातात. पुढे एवढा भार, म्हणून तुळयांच्या मागच्या टोकांवर, म्हणजे शेपटीवर, लोखंडी ठोकळे रचायचे. नियम तसा आहे. पण ठोकळे तळघरात. लिफ्टने वर आणले तरी शेवटचा जिना हातांनी चढवावे लागतात, आणि त्यात कंबरडं मोडतं. म्हणून अर्धे खालीच राहायचे आणि मुकादम म्हणायचा, "टाकी, बस गं शेपटीवर."

ती बसायची. दोर सांभाळायची, पाण्याची नळी सोडायची, खालच्यांना ओरडून सूचना द्यायची. त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. माणसाला ठोकळा म्हणून वापरायचं आणि वर त्याच्याच जाडीवर दात काढायचे, ही जगाची जुनी खोड.

टाकीला खाली जायचं होतं. बाकी काही नाही, पाळण्यात उभं राहून खाली जायचं होतं. पाळण्याचं सगळं शिक्षण तिने इतरांबरोबरच घेतलं होतं, दर वर्षी नव्याने घेत होती, गाठी तर डोळे मिटून मारायची. अडलं होतं कमरेच्या पट्ट्यावर. पट्टा लावल्याशिवाय पाळण्यात पाऊल नाही, आणि सगळ्यात मोठा पट्टाही तिच्या पोटावरून फिरून येता येता दमायचा. दोन टोकांमध्ये वीतभर अंतर. मुकादम तेव्हा म्हणाला होता, "राहू दे. तू वरच शोभतेस."

इतकी वर्षं त्या इमारतींचं डोकं तेवढं तिने पाहिलं, तोंड कधी पाहिलंच नाही. खालून जिराफ आणि चष्म्या या दोघांचं खिदळणं ऐकू यायचं. जिराफ उंच म्हणून जिराफ, आणि चष्म्याचं नाव तर सांगायलाच नको. दोघं कशाला हसतायत ते टाकीला कधी कळायचं नाही, आणि त्याचीच तिला जास्त चीड यायची.

मग तिने पट्टा गच्चीवरच्या खोलीत खिळ्याला टांगला आणि सुरुवात केली. लिफ्ट सोडली. ताटातली दुसरी वाढ सोडली. चहातली साखर सोडली, आणि तो पहिला बिनसाखरेचा कप पिताना तिने असे चेहरे केले की जिराफने तिला पाणी आणून दिलं. रोज काम सुरू व्हायच्या आधी खोलीचं दार लावून पट्टा गुंडाळायची. वीतभराचं अंतर चार बोटांवर आलं त्या दिवशी ती एकटीच खोलीत नाचली. रंगाचा डबा लाथेने उलटला आणि एक बूट कायमचा निळा झाला.

लोकांच्या तोंडाला काय, कुलूप थोडंच असतं! सुरुवातीला म्हणायचे, "होणार नाही तुझ्याच्यानं." व्हायला लागलं तर म्हणाले, "टिकणार नाही." टिकायला लागलं तेव्हा लिफ्टवाला, जो आधी तिला बघून "एका खेपेला एवढाच माल" म्हणायचा, तोच आवाज उतरवून विचारू लागला, "ताई, काही दुखणंबिखणं तर नाही ना?"

"आहे," टाकी म्हणाली. "तुमच्यासारख्यांची डोकेदुखी."

नणंद तर खास बघायला आली. दारातच गालाला हात लावून म्हणाली, "वहिनी, चेहरा किती बसलाय हो!"

"मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, चेहरा सुजलाय."

"तेव्हा सुजला होता. आता बसलाय."

"मग त्या बिचाऱ्याने करावं तरी काय? तुमची परवानगी घेऊन यावं?"

नणंद जाताना भावाला बाजूला घेऊन कुजबुजली, "लक्ष ठेव रे. या वयात बाई एकदम बारीक व्हायला लागली म्हणजे काहीतरी शिजतंय." टाकी आतून ओरडली, "शिजत काहीच नाहीये, तेच तर चाललंय!"

मध्ये एकदा पट्टा कितीतरी दिवस जागचा हलला नाही. तेच ताट, तेच जिने, तेवढाच घाम, आणि अंतर दोन बोटांवर अडून बसलेलं. लोकांना वास कसा येतो कोण जाणे, नेमक्या त्याच दिवसांत जो तो म्हणायचा, "बास की आता, छान दिसतेस." ऐकायला गोड, पण मतलब एकच, तिथेच थांब. एका दुपारी ती पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसून चांगली रडली. मग राग आला. स्वतःचा, पट्ट्याचा, सगळ्या गोतावळ्याचा. रागाचं एक बरं असतं, त्याला तेलतूप लागत नाही आणि त्याने पोटही सुटत नाही. डोळे पुसून ती उठली, तळमजल्यापर्यंत उतरली आणि पुन्हा चढून आली. दम लागेपर्यंत जिन्याला शिव्या घातल्या.

खरा घाव मात्र घरात बसला. नवरा शिंपी. तिचे ढगळ झालेले कपडे तोच मशीनवर आत घ्यायचा. एकदा तिने कामाचा सदरा उलटा केला आणि बघते तर काय, शिलाईच्या आत दोन्ही बाजूंना हातभर कापड दुमडून ठेवलेलं.

"हे काय?"

"राहू दे आत," तो सुई ओवता ओवता म्हणाला. "परत लागलं तर?"

"परत म्हणजे?"

"म्हणजे... माणसाचं काय सांगता येतं?"

नणंदेला उत्तर देता येतं, लिफ्टवाल्याला देता येतं. हा माणूस प्रेमाने बोलत होता, म्हणून जास्त लागलं. टाकीने त्याचीच मोठी कात्री उचलली आणि दोन्ही बाजूंची पट्टी खरकन कापून काढली.

"अगं, कापड! चांगलं कापड आहे ते!"

"मग तुमच्या बहिणीला झालर लावा त्याची."

शिंप्याने कापडाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि त्याला हसू आवरेना. हसता हसता त्याला उचकी लागली. मग त्याने सदरा ओढून घेतला आणि गुपचूप बसून, कडा दुमडून, असा अंगाबरोबर शिवून दिला की टाकी आरशासमोरून हलेना.

त्यानंतर एका सकाळी पट्टा लागला. 'खट्ट' वाजलं. तिने सोडला, पुन्हा लावला, पुन्हा 'खट्ट'. त्या आवाजापुढे सनई काय वाजणार! ती पट्टा घालूनच मुकादमापुढे उभी राहिली.

"लागला. मला खाली जायचंय."

मुकादमाने कान खाजवला. "बघू."

"काय बघू? शिक्षण झालंय, पट्टा लागतोय. बघायचं काय राहिलं?"

"अगं, तू खाली गेलीस तर शेपटीवर कोण बसणार?"

इतके दिवस पट्ट्याने अडवलं होतं, आता हा अडवत होता. आणि कशासाठी, तर जे वजन तिने घाम गाळून घालवलं, ते याला फुकटात हवं होतं.

पण गंमत अशी की ते वजन गेलं आहे हे टोळीतल्या कोणाच्याच डोक्यात शिरलं नव्हतं. तोंडाने रोज "किती बारीक झालीस" म्हणायचे आणि ठोकळे मात्र जुन्या टाकीच्या हिशेबानेच लावायचे. सवय! तीही त्यातलीच. बस म्हटलं की बसायची.

त्या आठवड्यात कधीतरी हे व्हायचंच होतं. सकाळी पाळणा कठड्यापासून जरा खाली सोडून आधी झोका देऊन बघायचा, असा रिवाज. त्या बाजूला खालच्या मजल्याची पुढे आलेली गच्ची होती, पाळण्यापासून हातभर अंतरावर, म्हणजे पडलेच असते तरी फक्त बूड शेकलं असतं. जिराफ आणि चष्म्या आत उतरले, दोघांनी एकदम उडी मारली, आणि शेपटी उचलली गेली. टाकीसकट. तिचे पाय जमिनीवरून सुटले, क्षणभर अधांतरी लोंबकळले, आणि ती धपकन पुन्हा खाली आली.

जिराफने किंकाळी फोडली. चष्म्याची पाचावर धारण बसली. मुकादमाचा चहा त्याच्याच सदऱ्यावर सांडला.

आणि टाकी हसत होती. पोट धरून, गुडघे आपटून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मला उचललं!" ती ओरडली. "अरे, मला उचललं रे! जन्मात कोणी उचललं नव्हतं! लग्नात नवऱ्यालाही जमलं नव्हतं!"

"दात काय काढतेस!" मुकादम धावत आला. "जीव गेला असता पोरांचा! तुला कोणी सांगितलं होतं बारीक व्हायला?"

हसू तिथेच तुटलं. टाकी उठली. तिचा पारा चढला की टोळीतले सगळे दोन पावलं मागे सरकत. या वेळी मुकादमही सरकला.

"माझ्या शरीरावर तुमचा पाळणा टांगलात, आणि दोष माझ्या शरीराला? आधी होतं तर हसलात, आता नाही तर ओरडताय. मी बाई आहे, ठोकळा नाही. ठोकळे तळघरात आहेत. आणा वर."

"बरं बरं, आजचा दिवस... मी पण बसतो शेपटीवर तुझ्याबरोबर. उद्यापासून माझ्या घरचा डबा खा, दोन पोळ्या जास्त—"

पाळण्यातून चष्म्या कठडा चढून बाहेर आला. "ठोकळे आले तरच मी उतरणार," तो म्हणाला. जिराफही मागोमाग आला, जिन्याच्या दारापाशी जाऊन बसला आणि त्याने बूट काढले. बूट काढलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, हे मुकादमाला पक्कं माहीत होतं.

मग ठोकळे आले. सगळे. मुकादमाने स्वतः शेवटचा जिना चढवले, आणि प्रत्येक ठोकळ्यागणिक तो आईला हाक मारत होता. टाकीने मोजून, हलवून, ढकलून बघितले आणि मग शांतपणे पट्टा लावला. खट्ट. पट्ट्याचा दोर वर स्वतंत्र बांधला.

"चष्म्याला आज वर बसू द्या. त्याचे पाय बघा कसे नाचतायत. मी जाते."

नकाराला आता कारणच उरलं नव्हतं. शेपटी लोखंडाची होती, पट्टा बंद होता, आणि जिराफ बूट घालून तयार उभा होता. "जा बाई," मुकादम म्हणाला. "एक मजला. एकच. मग वर."

ठोकळ्यांसकट तुळया इमारतीच्या उघड्या बाजूला हलवून पाळणा खाली सोडला. टाकीने दोन्ही हातांनी कड घट्ट धरली आणि डोळे मिटले. "उघड गं," जिराफ म्हणाला, "नाहीतर काच कोण पुसणार?"

उघडले. समोर प्रचंड काच, तिच्यात आभाळ, आणि आभाळात एक बाई, अंगाबरोबर बसलेल्या सदऱ्यातली. टाकीने तिला आधी ओळखलंच नाही. मग तिने फेसाचा फडका फिरवला, रबरी पट्टीने फेस ओढला, आणि आत कचेरी उगवली. एक साहेब टेबलाखाली बिस्किटांचा पुडा उघडत होता. तिला बघताच पुडा लपवला. एक बाई बोट दाखवून शेजारणीला काहीतरी सांगत होती. ओठ हलत होते, पण काचेतून एक अक्षरही ऐकू येत नव्हतं.

"काय म्हणत असतील?" जिराफने विचारलं.

"म्हणू देत!" टाकी इतकी हसली की पाळणा हलला. तिचं बघून जिराफ हसायला लागला, आणि दोघांना कशाचं हसू येतंय ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

वरून मुकादमाचं डोकं दिसलं. तो आता तिच्या जागी दोर सांभाळत होता, आणि पाण्याची नळी त्याच्या पायात अडकली होती. "झाला का गं मजला? ये वर!"

टाकीने फडका बादलीत बुडवला, पिळला आणि वर न बघताच ओरडली, "दोर सोडा मुकादम! अजून एक!"