दाईनं दार का उघडावं?

तोंडावर तिला सगळे मावशी म्हणायचे आणि पाठीमागे 'का-बाई'. ऐतिहासिक मालिकांत भाले, पडदे आणि मशालींच्या जोडीला ज्या चार-दोन बायका मागं उभ्या असतात, त्यांतली ती एक. उभं आयुष्य तिनं मागं उभं राहण्यात काढलं, पण त्यालाही तिला कारण लागायचं. "मला राणीनं बोलावलंय, की मी चोरून ऐकतेय?" असं ती भर सेटवर विचारायची आणि दिग्दर्शकाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. या धंद्यात 'का' विचारायचा मान ज्याचा चेहरा रस्त्यावरच्या फलकावर झळकतो त्याचा. बाकीच्यांनी सांगतील तिथं उभं राहावं आणि सांगतील तेव्हा मरावं. या एका शब्दापायी तिच्या हातची किती कामं गेली, पण तिला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. ते खातं तिच्या नवऱ्याकडे होतं.

उतारवयात मात्र तिला खरीखुरी भूमिका मिळाली. आईवेगळ्या राजपुत्राला वाढवणारी दाई! संवाद बेताचेच, पण दाई रोज दिसायची. बाजारात बायका थांबवून विचारायच्या, "काय हो, तुमचा राजपुत्र बरा आहे ना?" नवऱ्याचे गुडघे गेल्यामुळे त्याचं कारखान्यातलं काम सुटलं होतं आणि घर आता या दाईवरच चाललं होतं. रोज सकाळी ती चपला घालताना तो आतून ओरडायचा, "अगं, आज तरी 'का' म्हणू नकोस!"

त्या दिवशी मेकअपच्या खोलीत नव्या भागाचे कागद आले. एका गालाला रंग लागलेला असतानाच तिनं ते वाचले आणि ती ताडकन उठली. दाईनं म्हणे मोहरांची थैली घेऊन शत्रूला राजपुत्राच्या महालाचं दार उघडून द्यायचं!

आता यातली गोम अशी, की हे पाप मुळात तिचं नव्हतंच. डावलला गेलेला सेनापती गेले कित्येक भाग दातओठ खात फिरत होता, आणि एक ना एक दिवस तोच दगा देणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण सेनापती झालेला नट लोकांना फार आवडायला लागला. साबणाच्या जाहिरातीत हसायला लागला. वाहिनीवाले म्हणाले, याला काळं फासायचं नाही. मग पापाला दुसरं डोकं शोधायचं, तर मागं उभी असलेली म्हातारी सगळ्यांत सोयीची. तिच्या बाजूनं भांडायला कोण येतंय?

सेटवर ती थेट दिग्दर्शकासमोर जाऊन उभी राहिली. बाहेर टळटळीत दुपार होती आणि आत काळे पडदे लावून रात्र केलेली होती.

"साहेब, ही दार का उघडते?"

"मोहरांसाठी. लिहिलंय की, मावशी."

"मोहरा घेऊन करणार काय ती? हिला ना मूल, ना माणूस. पोराचं पोट भरल्याशिवाय घास घेत नाही, झोपते त्याच्या पायाशी. हिला त्या पोराशिवाय आहे काय?"

"लोक एवढा विचार करत नाहीत हो."

"माझी शेजारीण करते. भाजी निवडता निवडता टीव्हीशी भांडते."

कोपऱ्यात लेखिका चहाचा कप घेऊन बसली होती. बिचारीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. ती हळूच म्हणाली, "मावशी, मलाही पटत नाही. पण वरून आलंय."

दिग्दर्शक काही दुष्ट नव्हता, घाईत होता. "हे बघा, भाग उद्या वाहिनीवर जायचाय. नसेल जमत तर राहू द्या. तुमचे कपडे घालून कुणीही पाठमोरी उभी राहील. दारच तर उघडायचंय."

नवऱ्याचे सुजलेले गुडघे डोळ्यांपुढे आले. ती एवढंच म्हणाली, "उभी राहते."

कॅमेरा सुरू झाला. दाराच्या फटीतून थैली आली, ती तिनं घेतली. बाहेर शत्रू दबा धरून होता. शत्रू म्हणजे कालपर्यंतचे आपलेच सैनिक, टोप्या तेवढ्या बदललेल्या. तिनं अडसर काढला आणि एकदा मागं वळून पलंगाकडे पाहिलं. राजपुत्राचं काम करणारं पोर केव्हाच घरी गेलं होतं. पांघरुणाखाली नुसत्या उशा होत्या. तरी तिला भडभडून आलं. थैली तिनं भिरकावून दिली, अडसर परत घातला आणि दाराला पाठ लावून टाचा रोवून उभी राहिली.

दार उघडणार या भरवशावर शत्रूनं जोर लावला. उघडेना, तेव्हा बाहेरून दबका आवाज आला, "मावशी, उघडा की!"

"माझ्या मढ्यावरून जा!" ती गरजली.

प्लायवुडचंच दार ते. पुढच्या धक्क्याला कडाडून मोडलं आणि तिच्यासकट खाली आलं. कॅमेरावाला भान हरपून टिपत राहिला होता. दिग्दर्शक धावत आला.

"काय चालवलंय हे?"

"मारा मला," ती फळीखालून म्हणाली. "इथंच, दारात मारा. पण ही बाई दार उघडायची नाही."

"अहो, भूमिका संपेल! उद्यापासून काम नाही."

"कळतंय मला. मरायला कारण आहे, तर मरते. उघडायला कारण नाही."

मग लेखिकेनं कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "दाईनं दार उघडलं नाही, तर शत्रू इथवर आला कसा? बाहेरचा मोठा दरवाजा कुणीतरी उघडलाच असणार."

हळूहळू सगळ्यांच्या माना पंख्याखाली बसलेल्या सेनापतीकडे वळल्या.

दिग्दर्शक वाहिनीवाल्यांना फोन लावत बाहेर गेला. बराच वेळ नुसतं "हो सर, पण सर" ऐकू येत होतं. पण दार मोडलेलं, दुसरं तयार नाही, आणि भाग उद्या जायचा. तो घाम पुसत परत आला आणि म्हणाला, "रक्त आणा."

तिच्या पोटावर लाल रंग ओतला गेला. डोळे मिटून ती मोडक्या दारावर पडली. घरी काय सांगायचं याची भीती होतीच. पण छाती अशी भरून आली होती, की मेलेल्या बाईचा श्वास दिसू नये म्हणून तिला धडपड करावी लागत होती.

आता दगाबाज ठरलेल्या सेनापतीनं आत यायचं होतं, प्रेतापाशी क्षणभर थांबायचं होतं आणि पुढं जायचं होतं. तो आला, थांबला, आणि वैतागून दिग्दर्शकाकडे वळला. त्याला विचारायचा मान होता.

"पण मी हिच्यापाशी का थांबतो?"

दिग्दर्शकानं लेखिकेकडे पाहिलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात खालून, मिटल्या डोळ्यांनी प्रेतच कडाडलं,

"लाज वाटते म्हणून!"