दगडी बाळाचं बारसं

साउथहॅम्प्टनच्या रस्त्यांवर एकतीस वर्षं बस चालवून नंदू खांबेटे निवृत्त झाला, तेव्हा हातात स्टिअरिंग नाही आणि घरात बोलायला माणूस नाही, अशी त्याची गत झाली. लग्न राहूनच गेलं होतं. मग गावाबाहेरच्या एका चिमुकल्या म्युझियममध्ये तो दर गुरुवारी राखणीला बसू लागला. काम एकच, कुणाला कशाला हात लावू द्यायचा नाही. हात लावायला तिथं कुणी फिरकतच नसे, ती गोष्ट वेगळी.

त्याच्या समोरच्या काचेच्या पेटीत एक रोमन मूल होतं. थडग्यावरचा दगडी पुतळा, दीड वीत उंच. हातात कबुतर, गळ्यात गोल ताईत, गाल गुबगुबीत. पण मुद्रा अशी, की समोरच्याचा पेन्शनचा अर्ज आत्ता परत पाठवील!

"रोमन लोक मुलांना असंच घडवायचे," क्युरेटर सारानं त्याला सांगितलं. "मूल जगलं असतं तर मोठेपणी कसं दिसलं असतं, तेही त्यात घालायचे. आणि गळ्यातलं ते वाईट नजर लागू नये म्हणून."

"म्हणजे दृष्टीचा ताईत. एवढं कळायला तुला पीएचडी करावी लागली?"

सारा हसली. पण त्या दिवशी ती हसण्यासाठी आली नव्हती. दगड नेमका खाली कोरलेल्या नावाच्या ओळीवर फुटला होता, आणि ट्रस्टनं नवा नियम काढला होता. ज्या वस्तूला नाव नाही, ती तळघरात. पुढच्या गुरुवारी तीन वाजता न्यायला माणसं येणार होती.

"तळघरातून परत कधी येतं?"

"तळघरातून काही परत येत नाही, नंदू."

गेली चार वर्षं आठवड्यातून एकदा नंदू या पोराशी मराठीत बोलत होता. पोरानं एकदाही त्याला मध्ये तोडलं नव्हतं.

"आणि नाव असतं तर?"

"तर प्रश्नच नव्हता. रोमन मुलांना नवव्या दिवशी नाव ठेवत."

"आमच्यात बाराव्या. अठराशे वर्षं उशीर झालाय. हरकत नाही, ठेवू."

संध्याकाळी त्यानं लंडनच्या एजवेअर भागात राहणाऱ्या बहिणीला फोन लावला. बारशाला आत्या हवी, आणि खांबेट्यांच्या घरात आत्या व्हायची संधी यमुनाताईला नंदूनं कधी दिलीच नव्हती.

"नंद्या, डोकं फिरलंय का तुझं? दगडाचं बारसं?"

"ताई, तुझ्या गंधारच्या बारशाला वरवंट्याला टोपडं घालून तूच पाळण्यात ठेवलास ना? कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत खालून-वरून फिरवलास. तो काय मांसाचा होता?"

पलीकडून खोल आवाज आला, "वरवंटा मी माझा आणते. तुमच्याकडे सगळे मिक्सरवाले."

म्युझियममध्ये मुलांच्या वाढदिवसासाठी एक खोली मिळत असे. नंदूनं फॉर्म भरला. वय अठराशे लिहिलं, तर कॉम्प्युटर बारापुढे जाईना. त्यानं एक लिहिलं. मुलाचे नाव या रकान्यात 'कार्यक्रमात कळेल' असं टाकलं.

गुरुवारी दोन वाजता पडदा उघडला. यमुनाताईच्या मराठी मंडळाच्या सहा बायका काठापदराच्या साड्यांत, खोलीबरोबर पुठ्ठ्याच्या रोमन ढाली फुकट मिळाल्या म्हणून काखेत मारून हजर. पाळणा, फुगे, घुगऱ्या, सगळं साग्रसंगीत. टोपडं घातलेला वरवंटा पाळण्यात निजला, गाणी झाली. मग त्याला तिथंच झोपवून वरात पेटीपाशी गेली. यमुनाताई वाकली, पोराच्या कानासमोर काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "कुर्रर्र... उदय!"

रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. जरा जोरातच घातले, कारण एकत्र केलेल्या मुंबईच्या फ्लाइटमधले जुने हिशेब चुकते करायचे होते. यमुनाताईचं कपाळ काचेवर आपटलं आणि अलार्म वाजला. मिनिटभरात सगळं बारसं कार पार्कमध्ये, ढालींसकट, पावसात.

आत परतल्यावर पाळणा रिकामा!

तीन वाजता, सगळे बाहेर भिजत असताना, सामान हलवणारी माणसं मागच्या दारानं वेळेवर आली होती. कागदावर 'दगडी मूल, नग एक' एवढंच. पहिलंच दार उघडलं ते वाढदिवसाच्या खोलीचं, तर पाळण्यात टोपडं घातलेला दगड. याहून दगडी मूल काय असतं? त्यांनी ते मऊ कागदात गुंडाळलं, कागदावर सही ठोकली आणि तळघरात पोचवलं.

सारानं बारशाचं आधीच ट्रस्टला कळवलं होतं; तेवढ्यात त्यांचा निरोप आला: कानात सांगितलेलं नाव पुरावा धरता येत नाही.

नंदू पेटीपुढे उभा राहिला. गप्प बसलं तर पोर वाचत होतं. पण चुकीच्या स्टॉपवर कुणी उतरलं, तर बस थांबवून हाक मारायची, ही एकतीस वर्षांची सवय होती.

"सारा," तो म्हणाला, "त्यांनी ताईचा वरवंटा नेलाय. मूल इथंच आहे."

सारानं कागद पाहिला, पेटी पाहिली, पुन्हा कागद पाहिला.

"कागदाप्रमाणे मूल तीन वाजून चार मिनिटांनी तळघरात गेलं. नंबरसुद्धा त्याच्याबरोबर गेला."

"पण हे..."

"हे जे आहे त्याला आता नंबरच नाही. बिननंबरी वस्तू हलवायचा मला अधिकार नाही, नंदू. मला काय करता येणार?" आणि तिनं गंभीर चेहऱ्यानं तोंडात मूठभर घुगऱ्या टाकल्या.

"अगं बाई, आणि माझा वरवंटा?" यमुनाताई ओरडली.

"तळघरातली वस्तू पाहायला अर्ज लागतो. संशोधनाचं कारण लिहायचं."

"दे इकडे कागद. लिहिते, चटणी!"

बायका खिदळल्या. नंदू मात्र हसला नाही. काचेवर बहिणीच्या नाकाचा ठसा उमटला होता, तो त्यानं रुमालानं हलकेच पुसला. मग दाराशी जाऊन ड्यूटीच्या वहीत पुढच्या गुरुवारपुढे स्वतःचं नाव लिहिलं. पान उलटलं, त्याच्या पुढच्या गुरुवारीही लिहिलं, आणि वही संपेपर्यंत तो लिहीतच राहिला.