भिजल्या घोंगडीचा घोट

पिंपळगाव रेणुकाईच्या स्टँडजवळ फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. तिथं कॉम्प्युटरवर जो पोरगा बसतो, त्यानेच ही चूक केली आणि तोच ही गोष्ट सांगतोय. तेव्हा चुकीची फार चौकशी करू नये. गावातल्या राधाकिसन तात्यांना जायचं होतं ठिबक सिंचनाच्या प्रशिक्षणाला. यादीत ठिबकच्या खालच्याच ओळीत 'वाइन आस्वाद, द्राक्ष उत्पादकांसाठी' असं होतं. समोर गर्दी, लाइटीची ये-जा, एका हातात चहा. बोट एक ओळ खाली गेलं.

तात्यांना हे कळलं ते थेट जालन्यात, प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये. नळ्या-फिल्टर शोधत त्यांनी नजर फिरवली, तर टेबलावर उंच दांडीचे काचेचे ग्लास आणि शेजारी बाटल्यांची रांग. तात्या बाहेर आले, दारावरची पाटी पुन्हा वाचली आणि फोन लावला.

"काय रे, कुठं पाठवलं मला? इथं तं बार मांडून ठेवलाय!"

"तात्या, चार दिवस जेवण फुकट हाये," दुकानातून उत्तर गेलं. "आता गेलेच तं बसा."

तात्या शिव्या देऊन बसले. पण बसले ते जेवणासाठी नाही.

तात्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता दहा-बाराच उरलीत, ती त्यांची आई गोपिकाबाई राखते. तात्यांनी दोन एकर शेती धरली आणि त्यातल्या वीस गुंठ्यांत तीन वर्षांपूर्वी एका वाइन कंपनीच्या सांगण्यावरून शेनिन नावाची पांढरी द्राक्षं लावली. ती खायच्या कामाची नाहीत. दाणा बारीक, आत बी. भोकरदनच्या बाजारात नेली तर लोक विचारायचे, "तात्या, द्राक्षं हायेत का निंबोळ्या?" गेल्या हंगामात कंपनीची गाडी एकदा आली, नमुन्यापुरता माल घेऊन गेली आणि गप झाली. शेवटी तात्यांनी ठरवलं, वेली उपटायच्या आणि ठिबक टाकून मोसंबी लावायची. पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या वेली उपटायला हात धजत नव्हता, म्हणून आधी प्रशिक्षण.

आणि इथं समोर उभ्या होत्या त्याच कंपनीच्या ज्योत्स्ना मॅडम. सांगत होत्या, "तुमच्यातल्या तिघांच्या मालाची आम्ही वेगवेगळी वाइन केली. पुढच्या हंगामात जालन्याकडे गाडी येणार ती एकाच मळ्यासाठी. तोडणीचा दिवस जिभेनं ठरवावा लागतो. त्यामुळे चौथ्या दिवशी ज्याला आपली वाइन ओळखता येईल आणि तिची चव सांगता येईल, त्याचा मळा आम्ही धरणार."

म्हणजे वेली ठेवायच्या की उपटायच्या, हे आता तात्यांच्या जिभेवर येऊन बसलं. आणि त्या जिभेवर त्या वेळी तंबाखू होती.

"आधी ती थुंका," मॅडम म्हणाल्या. "आणि डबी इकडे द्या. चार दिवस माझ्याकडे राहील."

डबी पितळी, वडिलांची. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. दुसऱ्या डबीतली तंबाखू तात्यांना लागत नाही, असं ते सांगतात. डबी देताना तात्यांचा चेहरा पोरगी सासरी धाडल्यासारखा झाला.

पहिल्या दिवशी शिकवलं ते असं: ग्लास दांडीला धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग पाहायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, मग छोटा घोट तोंडभर खेळवायचा आणि बादलीत थुंकून द्यायचा. बाकीच्यांचं थुंकणं शर्टावर येत होतं. तात्यांनी चार हातांवरून बादलीच्या मधोमध धार सोडली. मॅडम बघतच राहिल्या. या एका विषयात तात्या घरूनच पदवी घेऊन आले होते.

वासाचं मात्र जमेना. मॅडमनी छापील कागद दिला होता. त्यावर पेअर, पीच, हनीसकल.

"मॅडम, हे फळं म्या कधी पाह्यलेच न्हाई. त्यांचा वास कसा सांगू?"

"मग जे पाहिलंय ते सांगा की."

शेजारी बसले होते कुंभार पिंपळगावचे काकासाहेब. मोठे बागायतदार, तिघांपैकी एक. त्यांनी मोबाइलवरून सगळे शब्द आदल्या रात्रीच पाठ केले होते. "राधाकिसन, हे तुझ्यानं होणार न्हाई," ते म्हणाले. "याला अभ्यास लागतो. मला बिलकुल व्हॅनिला येऊन राह्यला."

मॅडमनी त्यांचा ग्लास बघितला. त्यात अजून नुसतं पाणी होतं.

संध्याकाळच्या गाडीने तात्या घरी आले, तर बाटल्यांची बातमी आधीच पोचलेली आणि गोपिकाबाई दारातच.

"तोंड उघड. घेतली का?"

"घेतली माय, पण थुंकून टाकली."

"थुंकायचीच तं घेतली कशाला? एवढ्या दूर खर्चा करून थुंकायला गेल्ता?"

तात्या उठले आणि घरातल्या एकेका वस्तूचा वास घ्यायला लागले. कवठ फोडून हुंगलं. हिरवी चिंच, बाभळीचा डिंक, जुनं पोतं, विहिरीची ओली दोरी. तंबाखू सुटल्यापासून नाक कुणी धुऊन दिल्यासारखं झालं होतं. शेजारची बेबीनंदा मीठ मागायला आली, ती तात्या सुपाला नाक लावून बसलेले पाहून मीठ न घेताच परत गेली.

"काय कुत्र्यागत हुंगून राह्यला रे?" गोपिकाबाई ओरडली. "गावात तोंड दाखवायला जागा ठिवू नको."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाद्रपदातली सर आली. गोपिकाबाई मेंढरं घेऊन परतली ती डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन, आणि तिने घोंगडी दांडीवर टाकली. तात्या जेवता जेवता थांबले. लोकर, माती, थोडा धूर, थोडं गोडसर काहीतरी. पन्नास वर्षं हा वास त्यांच्या घरात होता आणि त्यांनी तो कधी घेतलाच नव्हता. लहानपणी पावसात याच वासाखाली आईला चिकटून बसल्याचं त्यांना आठवलं. त्यांनी उठून घोंगडीत तोंड घातलं. गोपिकाबाईने कपाळाला हात लावला.

चौथ्या दिवशी प्रत्येकासमोर तीन ग्लास. कुणाची वाइन कोणत्या ग्लासात, ते फक्त मॅडमच्या कागदावर. तिसरे शेतकरी हरिओम यांनी तिन्ही ग्लास आपलेच असावेत, असं मोघम सांगून सुटका करून घेतली. काकासाहेबांनी पहिला ग्लास उचलला, डोळे मिटले.

"ही माझी. स्ट्रॉबेरी. मागून चामडं."

"पांढऱ्या वाइनला चामडं कुठून आलं काकासाहेब?" मॅडमनी विचारलं.

"यूट्यूबवरून," मागून कुणीतरी बोललं, आणि हॉल हसला.

मग तात्या. पहिला ग्लास त्यांनी हुंगला, तोंडात खेळवला, थुंकला. "पिकलं कवठ. चांगली हाये, माझी न्हाई." तिसऱ्या ग्लासावर ते बराच वेळ थांबले. चेहरा हळूहळू उजळत गेला.

"मॅडम, हसू नका. ही भिजलेली घोंगडी हाये."

हसायला हॉल तयारच होता. काकासाहेब तर खुर्चीत मागे रेलून हसले. "राधाकिसन, तुझ्या सदऱ्याचाच वास घेतला का रे?"

"माझाच असता तं मला कळलाच नसता, काकासाहेब. अंगचा वास कुणाला येतोय?"

"मग ही तुमची?" मॅडमनी विचारलं. त्या हसत नव्हत्या.

तात्यांना वाटत होतं, हो म्हणावं. इतकी आवडली होती ती. पण त्यांनी मधला ग्लास उचलला, घोट घेतला आणि त्यांचे दात आंबले. नेमके तसेच, जसे फाल्गुनातल्या त्या सकाळी मळ्यात आंबले होते.

"न्हाई," तात्या म्हणाले. "ही मधली माझी. हिरवी चिंच. मजूर हरभरा सोंगायला निघून जातील म्हणून आठ दिवस जल्दी केली. तोडताना एक दाणा खाल्ला व्हता, दात आंबले, तरी तोडली. चूक द्राक्षांची न्हाई, माझी हाये. आठ दिवस थांबलो असतो तं..."

मॅडमनी कागद उलटा केला. मधली तात्यांचीच होती. पहिली हरिओम यांची.

"आणि भिजलेल्या लोकरीचा वास," मॅडम म्हणाल्या, "शेनिनच्या चांगल्या वाइनला येतो कधी कधी. पुस्तकात तसंच लिहिलंय. मला चार वर्षं लागली तो ओळखायला."

काकासाहेब सरसावून बसले. "म्हणजे घोंगडी चांगली का वाईट?"

"चांगली."

"मंग ती माझी! मी आधीच म्हणणार व्हतो."

या वेळी सगळ्यात मोठ्याने तात्या हसले. आणि मग उरलेला तिसरा ग्लास त्यांनी थुंकला नाही. चार दिवसांतला गिळलेला एकच घोट, आणि तोही काकासाहेबांच्या मळ्याचा.

वेली राहिल्या. ऑक्टोबरची छाटणी झाली, आणि तोडणीचा दिवस तात्या ठरवणार, असं कंपनीने लिहून दिलं. चौथ्या दिवशी निघताना मॅडम म्हणाल्या होत्या, "तात्या, त्या घोंगडीचा हाताएवढा तुकडा द्या मला. पुढच्या शेतकऱ्यांना ओला करून हुंगायला देईन. तुकडा आणा आणि डबी न्या."

"देतो. बराबर देतो," तात्या म्हणाले.

त्याला आता तीन महिने झाले. तात्या आठवड्यातून एकदा तरी कात्री घेऊन घोंगडीपाशी जातात, आणि गोपिकाबाई दर वेळी म्हणते, "घोंगडी काय फाडायची चीज हाये? मेंढरं कातरली की नवी विणून घिऊ, मंग दे त्या बाईला." मेंढरं कधी कातरायची, हे गोपिकाबाई ठरवते. ती काही ठरवत नाही. तुकडा गेला की डबी परत येणार, आणि तात्यांची तंबाखू कुणाच्याच सांगण्याने सुटली नव्हती, हे तिच्या पक्कं ध्यानात आहे.

मॅडमचा फोन येतो तो फॉर्मवर दिलेल्या दुकानाच्या नंबरवर. "तुकड्याचं काय झालं?" दुकानातला पोरगा सांगतो, "लोकर वाढून राह्यली, मॅडम." तात्या बाकड्यावर बसून ऐकतात, रिकामा तळहात अंगठ्याने चोळतात आणि समोरच्या चहाच्या कपात नाक घालतात.

"गवती चहा," ते म्हणतात. "पण शिळा."